गणिताचे पान आणि त्यामागचे हात



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांस असे वाटले असेल की, कामगार संघटनेत उमेद घालविलेल्या माणसाने वेतन, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे. गणिताची आणि संगणकाची पुस्तके कशी मांडतात, हा त्याचा प्रांत नव्हे. शंका रास्त आहे. माझी शाळा नववीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि छापखान्यांच्या दारात झाले. परंतु कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी केली, कशाने केली आणि किती मोलात केली, हे विचारण्याची सवय आमच्या कामाने लावली आहे. पुस्तकाचे पान हीही एक वस्तूच आहे. त्यातही गणिताचे पान ही फार अवघड वस्तू आहे. शिशाच्या खिळ्यांपासून हातातल्या काचेच्या पडद्यापर्यंत या पानाचा जो प्रवास झाला, तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. कथाकादंबरीची ओळ डावीकडून उजवीकडे सरळ जाते. एक अक्षर संपले की शेजारी दुसरे. ओळ कोठे मोडली याने अर्थ बिघडत नाही. गणिताचे तसे नाही. तेथे ओळीला मजले असतात. दोनाचा दहावा घात लिहावयाचा तर दोनाच्या डोक्यावर, किंचित उजवीकडे, लहान आकाराचा दहा बसवावा लागतो. त्याची किंमत एक हजार चोवीस. तोच दहा घसरून खाली आला तर आकडा होतो दोनशे दहा. एकही अक्षर गळले नाही, एकही वाढले नाही. केवळ जागा बदलली आणि हजाराचे दोनशे झाले. गणितात जागा हाच अर्थ आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा सारा इतिहास उलगडतो.

हाताची जुळणी

छपाईची कला युरोपात स्थिरावत होती त्याच काळात, १४८२ साली, व्हेनिसमध्ये एर्हार्ट राटडोल्ट या मुद्रकाने युक्लिडची भूमिती छापली. आकृत्या कशा छापाव्यात हे तेव्हा एक कोडेच होते. त्याने त्या पानाच्या रुंद समासात बसविल्या. पुढे १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श लेखकाच्या पुस्तकात समतेचे चिन्ह, म्हणजे दोन समांतर रेघा, प्रथम छापील रूपात आल्या. बीजगणिताची खुणांची भाषा जसजशी वाढत गेली तसतसा जुळाऱ्याच्या केसमध्ये एकेक नवा खण वाढत गेला. ग्रीक अक्षरे आली, कंस आले, मुळाचे चिन्ह आले, कलनशास्त्राचे ते उंच, वाकडे चिन्ह आले.

ज्यांनी हातजुळणीचा छापखाना पाहिला आहे त्यांना सांगावयास नको, पण तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. जुळारी एका हातात स्टिक धरी आणि दुसऱ्या हाताने केसमधून एकेक खिळा उचलून उलटा वाची व लावी. दोन शब्दांमध्ये कोरे खिळे, दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या. साधा मजकूर जुळविताना हात आपोआप चाले. पण अपूर्णांक आला की हात थांबे. वरचा अंश वेगळा जुळवावयाचा, खालचा छेद वेगळा, मध्ये पितळी रूळ घालावयाचा, आणि मग अंश व छेद यांच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या कोऱ्या खिळ्यांनी अशा भरावयाच्या की सारा चौकोन घट्ट बसेल. केसाएवढी फट राहिली तरी फर्मा उचलताना खिळे सांडत, आणि अर्ध्या दिवसाचे काम जमिनीवर येई.

इंग्रजी छापखान्यांत अशा मजकुरास ‘पेनल्टी कॉपी’ असे नाव होते. दंड या शब्दाचा येथे अर्थ इतकाच की, हे काम संथ आणि अवघड, म्हणून त्याचा दर जास्त. तो जास्त दर ग्रंथकाराच्या किंवा प्रकाशकाच्या दयाबुद्धीतून आला नव्हता. हे कसब थोड्या लोकांना येते आणि त्यांना ते शिकावयास वर्षे लागतात, ही वस्तुस्थिती दरपत्रकात उतरली होती. गणिताची पुस्तके महाग का, याचे एक सरळ उत्तर त्यात आहे.

यंत्राची जुळणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुळणीचे यंत्र आले. ओटमार मेर्गेनथालर याचे लायनोटाइप १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात चालू झाले. ते अख्खी ओळ एका शिशाच्या पट्टीत ओतीत असे. वर्तमानपत्रास हे वरदान होते; गणितास त्याचा उपयोग थोडा, कारण पट्टीत ओतलेल्या ओळीला मजले चढविता येत नाहीत. टॉलबर्ट लॅन्स्टन याच्या मोनोटाइप यंत्राची तऱ्हा वेगळी होती. तेथे एक माणूस कळफलकावर बसून कागदी फितीला भोके पाडी, आणि दुसरे यंत्र ती फीत वाचून एकेक सुटे अक्षर ओती. अक्षर सुटे असल्यामुळे ते हाताने उचलून वरखाली करता येई. म्हणून गणिताची बहुतेक चांगली पुस्तके पुढे मोनोटाइपवर झाली. १९५०च्या दशकात मोनोटाइपने समीकरणाची एक ओळ चार पातळ ओळींत विभागून जुळविण्याची पद्धत काढली व हाताचे काम बरेच घटविले. तथापि ते संपले नाही. यंत्राने ओतलेले तुकडे समोर घेऊन शेवटचा हात माणूसच फिरवीत असे.

भोके पाडलेल्या कागदाचा हा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण संगणकाची आज्ञावली लिहिणारेही पुढे कागदाला भोकेच पाडीत होते. आय. बी. एम. कंपनीचे १९२८ सालचे कार्ड ऐंशी रकान्यांचे होते. एका कार्डावर एक ओळ, एका ओळीत ऐंशी चिन्हे. ती कार्डे केव्हाच गेली, पण आज्ञावलीची ओळ ऐंशी चिन्हांच्या आत ठेवण्याची सवय मात्र कित्येक ठिकाणी अजून टिकून आहे. हत्यार जाते, त्याने लावलेले वळण राहते, हा कारखान्यात नेहमी येणारा अनुभव येथेही येतो.

आणि समीकरण व आज्ञावली यांची गाठ किती घट्ट आहे हे १९६२ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षी २२ जुलैला अमेरिकेने शुक्राच्या दिशेने मरीनर-१ हे यान सोडले. ते वाट सोडून जाऊ लागले आणि २९३ सेकंदांनी जमिनीवरूनच आज्ञा देऊन त्याचा नाश करावा लागला. चौकशीत जे निघाले ते चिन्हाएवढे होते. अधिकृत खुलाशात आज्ञावलीत एक संयोगचिन्ह राहून गेल्याचे सांगितले गेले. नंतरच्या वृत्तान्तांत, समीकरणातील एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना गळली, असे म्हटले आहे. काहीही असो, एक रेघ गळली आणि यान गेले. मुद्रितशोधकाचे काम क्षुल्लक समजणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर टांगून ठेवावे.

धातू गेला, मग काय?

१९६०नंतर छपाईच्या धंद्यात मोठा पालट झाला. शिसे जाऊन प्रकाशजुळणी आली. अक्षरे फिल्मवर उमटू लागली. वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत या पालटाने जे रण माजले ते सुप्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांचा डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झालेला संप ११४ दिवस चालला. त्याच संघटनेने १९७४ साली तेथील मोठ्या वृत्तपत्रांशी करार केला: यंत्रे येऊ द्या, पण कामावर असलेल्या जुळाऱ्याची नोकरी आजन्म पक्की. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १९७८ मध्ये शिशाची शेवटची रात्र पाहिली. लंडनमध्ये ‘टाइम्स’ १ डिसेंबर १९७८ पासून सुमारे वर्षभर टाळेबंदीमुळे निघालाच नाही. आणि १९८६ साली वॉपिंग येथे पाच हजारांहून अधिक कामगार एका संपात कायमचे घरी गेले. एका ठिकाणी तोडगा निघाला, दुसऱ्या ठिकाणी धूळधाण झाली. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे होते. फरक पडला तो ते कोणत्या अटीवर आत आले यामुळे.

गणिताचे जुळारी मात्र थोडे, विखुरलेले. त्यांच्या जाण्याने मोर्चे निघाले नाहीत. प्रकाशजुळणी गणितासाठी महाग पडे, म्हणून कित्येक ग्रंथ आणि नियतकालिके टंकलेखनावर छापली जाऊ लागली. १९६१ साली आलेल्या सिलेक्ट्रिक टंकयंत्रात अक्षरांचा लहानसा गोळा असे. तो काढून ग्रीक अक्षरांचा गोळा बसवावयाचा, चिन्ह उमटवावयाचे, की पुन्हा पहिला गोळा. विद्यापीठांतील टंकलेखिकांनी या रीतीने प्रबंधच्या प्रबंध उतरवून दिले. प्रस्तावनेच्या अखेरीस एका ओळीत त्यांचे आभार मानलेले असतात. कधी तेही नसतात.

याच संधिकाळात दोन उपाय निघाले. पहिला बेल प्रयोगशाळेत. ब्रायन कर्निहॅन आणि लॉरिंडा चेरी यांनी समीकरण बोलून दाखवावे तसे लिहिण्याची एक सोपी भाषा रचली. तिचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. ‘अमुक भागिले तमुक’ असे लिहिले की यंत्राने मजले आपण चढवावेत, ही तिची कल्पना.

दुसरा उपाय डोनाल्ड क्नूथ यांचा. स्टॅनफर्डचे हे प्राध्यापक संगणकशास्त्रावर एक बृहद्‌ग्रंथ लिहीत होते. त्याचा पहिला खंड १९६८ साली मोनोटाइपवर छापला गेला. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती काढण्याची वेळ आली तोपर्यंत शिशाचे काम बंद पडत चालले होते. १९७७ च्या मार्चअखेर नव्या पद्धतीची मुद्रिते हाती पडली आणि ती पाहून क्नूथ खट्टू झाले. अक्षरांना घाट नव्हता, त्यांच्यामधल्या जागा बिघडलेल्या होत्या. दुसरा कोणी असता तर प्रकाशकाला दोन खरमरीत पत्रे लिहून गप्प बसला असता. क्नूथ यांनी हातातला ग्रंथ बाजूला ठेवला आणि जुळणीचे काम करणारी आज्ञावली स्वतः लिहावयास घेतली. तिचे नाव टेक. थोड्या महिन्यांत संपेल असे वाटलेले काम जवळजवळ दशकभर चालले. १९८६ साली त्याचे पाच खंड प्रसिद्ध झाले. आज्ञावली त्यांनी कोणालाही विनामूल्य वापरता येईल अशी खुली ठेवली, आणि चूक काढून देणाऱ्यास दोन डॉलर छप्पन सेंटचा धनादेश देण्याची प्रथा पाडली.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट आहे. गणिताचे पान सुंदर कशाने होते याचे नियम क्नूथ यांना कोणत्याही ग्रंथात तयार मिळाले नाहीत. त्यांनी तीन नमुने पुढे ठेवले: आपल्याच प्रकाशकाची जुनी पुस्तके, १९१० च्या सुमाराची स्वीडनमधील ‘आक्टा मॅथेमॅटिका’, आणि १९५० च्या सुमाराची हॉलंडमधील ‘इंडागाशिओनेस मॅथेमॅटिके’. घातांक किती वर, अधिकचिन्हाच्या दोन्ही बाजूंस किती मोकळीक, अपूर्णांकाची रेघ किती जाड, याची मोजमापे त्यांनी त्या पानांवरून काढली आणि त्यांचे नियम केले. म्हणजे काय झाले? जुन्या जुळाऱ्यांच्या बोटांत जे होते, जे त्यांनी कधी लिहून ठेवले नाही, ते आज्ञावलीत उतरले. टेकमध्ये प्रत्येक अक्षर ही एक पेटी आहे. तिला उंची, खोली व रुंदी आहे. आणि दोन पेट्यांमध्ये ताणणारी, आकसणारी जागा आहे. खिळा आणि कोरा खिळा यांचेच हे दुसरे रूप. टेकमध्ये गणिताच्या दोन्ही बाजूंस डॉलरचे चिन्ह घालतात, कारण गणिताची जुळणी परंपरेने महाग मानली जाते, असा विनोद क्नूथ यांनी आपल्या ग्रंथात केला आहे. पेनल्टी कॉपीची आठवण अशी एका चिन्हात शिल्लक राहिली.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारलेली लेटेक ही सोपी पद्धत दिली आणि तेव्हापासून गणिती माणूस आपले पान आपणच जुळवू लागला. ज्या कामाला पूर्वी जादा दर होता ते आता प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी रात्री जागून, कोणताही दर न घेता करतात. काम नाहीसे झाले नाही. त्याची मजुरी नाहीशी झाली.

पान वाहू लागले

आता ई-पुस्तकाकडे येऊ. १९७१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलै रोजी, इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरविला. ई-पुस्तकांचा आरंभ बहुधा तेथून धरतात. ते होते निव्वळ अक्षरांचे पुस्तक. त्यात मजले चढविण्याची सोय नव्हती, म्हणून गणित त्यापासून दूर राहिले. १९९३ साली पी. डी. एफ. आले. त्यात छापील पान जसेच्या तसे गोठवून ठेवता येते. गणिती लोकांना ते पसंत पडले. पण गोठलेले पान लहान पडद्यावर वाचावयाचे म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहण्यासारखे. डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, तोवर समीकरणाचा आरंभ विसरून जातो.

२००७ साली दोन गोष्टी घडल्या. ई-पब या नावाची पुस्तकांची सर्वमान्य रचना ठरली, आणि ॲमेझॉनचे किंडल हे सहा इंची पडद्याचे वाचनयंत्र विक्रीस आले. या दोहोंचे तत्त्व एकच: पान स्थिर नाही. वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी नव्याने मोडतात, मजकूर पाण्यासारखा भांड्याचा आकार घेतो. पाचशे वर्षे पानाची रुंदी छापखाना ठरवीत असे. ती आता वाचक ठरवू लागला. कादंबरीला हे उत्तम मानवले. गणिताला मात्र पाण्यात विरघळणे परवडत नाही, कारण, आरंभी म्हटल्याप्रमाणे, तेथे जागा हाच अर्थ आहे.

मग प्रकाशकांनी सोपी वाट धरली. प्रत्येक समीकरणाचे चित्र काढावयाचे आणि ते मजकुरात चिकटवावयाचे. या वाटेने काय काय झाले ते पाहा. वाचकाने अक्षर मोठे केले तरी चित्र लहानच राहिले. ताणून मोठे केले तर फाटक्या छत्रीसारखे दिसू लागले. रात्री वाचण्यासाठी पडदा काळा केला की काळ्यावर पांढरे चौकोन उठले, नाही तर काळी अक्षरे काळ्या पडद्यात बुडाली. ओळीतले चिन्ह आजूबाजूच्या शब्दांच्या पातळीवर बसेना. शोधावयास गेले तर यंत्राला सापडेना, कारण यंत्राच्या लेखी तेथे गणित नव्हतेच, एक डाग होता.

आज्ञावलीचे हाल निराळे. काव्याची ओळ मोडली तर कानाला खटकते. आज्ञावलीची ओळ मोडली तर यंत्र चालत नाही. पायथन या १९९१ साली आलेल्या भाषेत ओळीच्या आरंभी किती जागा सोडली आहे यावरच अर्थ ठरतो. ती मोकळी जागा ई-पुस्तकाच्या रूपांतरात गिळली गेली की आज्ञावली निरर्थक होते. शिवाय सज्जन मुद्रणाचे जे संस्कार आहेत तेच येथे घातक ठरतात. सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार करणे, दोन लहान रेघांची एक लांब रेघ करणे, ओळीच्या शेवटी शब्द तोडून संयोगचिन्ह घालणे, या साऱ्या चांगल्या सवयी. पण विद्यार्थी पुस्तकातून आज्ञावली उतरवून घेतो आणि ती चालत नाही तेव्हा तो स्वतःला मूर्ख समजतो. दोष रूपांतराचा, आणि लाज वाचकाची. यावर क्नूथ यांनीच १९८४ साली एक विचार मांडला होता: स्पष्टीकरण आणि आज्ञावली एकाच मुळातून निघावीत, त्याच मुळातून पुस्तक छापावे आणि त्याच मुळातून यंत्र चालवावे. म्हणजे पुस्तकातले एक आणि यंत्रातले दुसरे, असे व्हावयाचे नाही.

समीकरणासाठीही असे मूळ जपणारी भाषा उपलब्ध होती. एप्रिल १९९८ मध्ये मॅथ-एम-एल या नावाची खुणांची भाषा मान्य झाली. तिच्यात अपूर्णांकाला अपूर्णांक म्हटलेले असते, घाताला घात. मजले कसे चढवावयाचे ते वाचनयंत्र जागेवर ठरविते. २०११ साली ई-पबच्या तिसऱ्या आवृत्तीने तिला आपल्यात घेतले. तरीही वर्षानुवर्षे पुष्कळशा वाचनयंत्रांना ती कळत नव्हती, आणि म्हणून चित्रे काढणे चालूच राहिले. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रोम या ब्राउझरमध्ये ती कायमची बसली ती थेट जानेवारी २०२३ मध्ये. हे काम ज्या इगालिया नावाच्या संस्थेने केले, ती स्पेनच्या आ कोरुन्या शहरातील आहे आणि तेथे काम करणारे लोकच तिचे मालक आहेत; ती सहकारी तत्त्वावर चालते. सहकाराला केवळ साखर आणि दूध एवढेच जमते असे समजणाऱ्यांसाठी ही माहिती येथे नोंदवितो.

ऐकू येणारे समीकरण

समीकरणाचे चित्र की समीकरणाची भाषा, हा वाद कोणाला तांत्रिक वाटेल. तो तसा नाही, हे एका पुणेकराने दाखवून दिले आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. तरीही त्यांनी पुण्यात गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आय. आय. टी.तून संगणकशास्त्राचे शिक्षण पुरे केले आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली प्रबंध सादर केला. प्रबंधाचा विषय होता: तांत्रिक ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविणारी यंत्रणा. तिचे नाव ॲस्टर.

अडचण काय होती? मी तोंडाने म्हटले, ‘एक भागिले क्ष अधिक एक’. याचा अर्थ काय घ्यावयाचा? एकला क्ष-अधिक-एक या साऱ्याने भागावे, की आधी क्षने भागून मग एक मिळवावा? क्षची किंमत एक धरली तर पहिल्या अर्थी उत्तर अर्धा, दुसऱ्या अर्थी दोन. डोळस माणसाला रेघेची लांबी पाहून हे कळते. न पाहणाऱ्याला कसे कळावे? रामन यांनी त्यासाठी आवाजालाच मजले दिले. घातांक आला की स्वर वर चढे, खालचा अंक आला की उतरे. लांबलचक समीकरण आले तर त्याच्या भागांना आधी नावे देऊन सांगाडा ऐकवावयाचा आणि मग एकेका भागात शिरावयाचे, अशीही सोय होती.

पण हे सारे शक्य झाले ते कशामुळे? पुस्तक लेटेकमध्ये लिहिलेले होते म्हणून. तेथे अपूर्णांकाला अपूर्णांक म्हटलेले होते. समीकरणाचे चित्र असते तर ॲस्टरला वाचावयास काहीच नव्हते. चित्र पाहणाऱ्यापुरते असते. भाषा सर्वांची असते. ब्रेल लिपीतही एब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने १९५२ च्या सुमारास गणितासाठी वेगळी खूणपद्धती बांधली होती, तीही याच कारणाने. सहा ठिपक्यांतसुद्धा मजला सांगता येतो. सांगण्याची इच्छा हवी.

आता कायदाही या बाजूला येत आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकांची रूपांतरे करू देणारा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि त्यास मान्यता देणारा पहिला देश, २०१४ साली, भारत होता. युरोपात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तके सर्वांना वाचता येतील अशी करण्याचे बंधन लागू झाले आहे.

काम कोणाच्या टेबलावर?

हे बंधन युरोपचे, पण काम पुष्कळदा आपल्या टेबलावर येते. गेल्या तीन दशकांत परदेशी प्रकाशकांच्या शास्त्रीय ग्रंथांची आणि नियतकालिकांची जुळणी मोठ्या प्रमाणात भारतात आली. चेन्नई, पुदुच्चेरी, तिरुवनंतपुरम अशा शहरांत या कामाची कार्यालये उभी राहिली, आणि इकडे पुण्यामुंबईतही तरुण मुलेमुली हे काम करतात. पानामागे दर ठरतो. आता विचार करा. समीकरणाचे चित्र कापून चिकटविणे हे मिनिटाचे काम. तेच समीकरण भाषेत उतरवून, तपासून, त्याचे शब्दांतले वर्णन लिहिणे हे कितीतरी जास्त वेळाचे. पानामागचा दर दोहोंना एकच दिला, तर चित्रच चिकटविले जाणार. मग आपण त्या मुलीला म्हणणार, तुला कामाची आच नाही. आच असते, दर नसतो. जुन्या दरपत्रकाने अवघड मजकूर आणि सोपा मजकूर यांत भेद केला होता. तो भेद जेथे पुसला जातो तेथे पान बिघडते, आणि बिघडलेल्या पानाची किंमत शेवटी विद्यार्थी देतो. अंध विद्यार्थी सर्वांत आधी देतो.

मराठीचाही यात हिशेब आहे. आपल्या बीजगणितात अज्ञात राशीला क्ष म्हणतात. संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा निरनिराळ्या फाँटांनी आपापली खासगी व्यवस्था लावली. वर मराठी अक्षर दिसे आणि आत रोमन लिपीतले भलतेच चिन्ह दडलेले असे. छापण्यापुरते ते चालून गेले. आज त्या धारिका उघडून ई-पुस्तक करावयास गेले की मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. म्हणजे आमचा साधा गद्य मजकूरसुद्धा यंत्राच्या लेखी चित्रच होता. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ती वापरून जे पुस्तक जुळविले जाते ते शोधता येते, ऐकता येते, नव्या पानात ओतता येते. मराठीत शास्त्रीय पुस्तके व्हावीत असे आपण या व्यासपीठावरून दर वर्षी म्हणतो. ती कोणत्या रीतीने जुळविली जाणार, हेही लेखकाने आणि प्रकाशकाने पहिल्याच दिवशी ठरविले पाहिजे. मागाहून दुरुस्ती करणे म्हणजे बांधून झालेल्या इमारतीखाली पाया घालणे होय.

पाचशे वर्षांचा हा आढावा घेताना मला वारंवार एकच गोष्ट दिसली. प्रत्येक नवे यंत्र येताना असे सांगते की, आता कसबाची गरज उरली नाही. आणि प्रत्येक वेळी असे आढळते की, कसब दुसऱ्या खोलीत गेले आहे. स्टिकवरून कळफलकावर, कळफलकावरून प्राध्यापकाच्या टेबलावर, तेथून एखाद्या दूरच्या शहरातल्या पडद्यासमोर. ते जिथे गेले तिथे त्याचा शोध घेऊन त्याला योग्य मोल देणे, हे ज्या समाजाला जमते त्याची पुस्तके वाचनीय राहतात. दोनाच्या डोक्यावरचा तो छोटा दहा कोणीतरी तेथे नेमका ठेवलेला असतो. आपण पुढच्या वेळी गणिताचे पान उघडाल, कागदावर किंवा काचेवर, तेव्हा त्या ठेवणाऱ्या हातांची क्षणभर आठवण करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.